शांत, मनमिळाऊ, निर्व्यसनी

१२ नोव्हेंबर
नुसता संताप! माझ्या धाकट्या भावाला, मनोजला, घरी सोडताना पडघ्याच्या व्यसनमुक्ती केंद्राने एक फॉर्म दिला होता. घरच्यांनी भरायचा. पेशंटचा स्वभाव कसा? रागीट का? उतावळा का? खोटं बोलतो का: कधीच नाही, कधीकधी, नेहमी. मी शाळेत शिकवत होते तेवढ्यात आईने शेजारच्या जानकीबाईंकडून भरून घेतला! खुणांच्या सगळ्या जागा कोऱ्या सोडून खाली लिहिलंय — ‘शांत, मनमिळाऊ, निर्व्यसनी.’ निर्व्यसनी! व्यसनमुक्ती केंद्राच्या फॉर्मवर! बायोडेटा आहे का हा?

वर आई म्हणते, “दारूला हात न्हाय लावला त्यानी कधी. खोकल्याचा औषध, तो काय व्यसन हाय?”

दिवसाला सहा बाटल्या. खोकला नसताना.

१४ नोव्हेंबर
पडघ्याला जाऊन नवा फॉर्म घेतला आणि तिथेच बसून भरला. ‘खोटं बोलतो’पुढे ‘नेहमी’. पेन दाबून खूण केली. माझी साखळी विकून “न्हाय बघितली, ताई” म्हणणारा हाच ना? तिथल्या बाई म्हणाल्या, “सगळे व्यसनी एका साच्यातले नसतात. बाटलीने काय केलं आणि तो मुळात कसा आहे, वेगवेगळं बघा.” बोलायला काय जातं यांचं! मुळातला मनोज शेवटचा कधी पाहिला तेच मला आठवत नाही.

२० नोव्हेंबर
आईने मनोजच्या लग्नासाठी खरंच बायोडेटा केलाय!! शब्द तेच. आईच्या ओळखीतले मानकोलीचे दाजी, त्यांची मुलगी रुचिरा बघितलीय. बी.कॉम. झालेली, साधी पोर. बाटली सुटून जेमतेम दोन महिने, आणि आई म्हणते, “लगीन झाला का सुदरंल.” बायको म्हणजे काय औषध आहे? आणि नाही सुधरला तर त्या पोरीने काय करायचं? सरळ सांगितलं — मी दाजींना तोंडावर सगळं सांगणार. आई रडली. रडू दे.

२१ नोव्हेंबर
मनोज जेवतो, उठतो. एवढी भांडणं याच्यावरून चाललीत, पण याला ना हो ना नाही! पाठीचा कणाच नाही या माणसाला.

२३ नोव्हेंबर, रविवार
मुलगी बघायला आई, मनोज आणि मी मानकोलीला जाऊन आलो. पोहे झाले, चहा आला. रुचिरा समोरच बसली होती. दाजींनी नेमकं मलाच विचारलं, “बाय, तू मास्तरीण हाय, तू खरा सांगशील. पोराला काय नाद हाय का?”

आईने माझा हात घट्ट धरला. मी म्हणाले, “नाही.”

कसं निघालं तोंडातून!

मनोजने कप खाली ठेवला. “ताई खोटा बोलते,” म्हणाला. “औषधाच्या बाटल्या पीत होतो. दोन म्हैने बंद हाय. पुढचा मला म्हाईत न्हाय.”