वरच्या एक टक्क्यातलं घर

९ जानेवारी, सोमवार

पन्नास महानगरांचा तक्ता आज पुरा झाला. मिलवॉकी नवव्या नंबरावरून सतराव्यावर! सगळ्यांत श्रीमंत एक टक्का घरांकडे त्या महानगरातल्या संपत्तीचा केवढा वाटा आहे, त्यावर आमचे नंबर ठरतात. वर असणं वाईट, खाली येणं चांगलं. इतकं खाली यंदा दुसरं कुणी आलेलं नाही.

कर्टिस खुर्ची सरकवून उठलाच. "रेना, बारा वर्षं या ऑफिसचा प्रमुख आहे मी. या शहराबद्दल चांगली बातमी पहिल्यांदा देणार." असा वरिष्ठ मिळाला हे माझं नशीब.

मलाही आनंद झाला. तासाभराने शंका आली. माझं नेहमीचंच.

१० जानेवारी, मंगळवार

बहिणीला, हलीनाला, फोनवर सांगितलं. तिचं पहिलं वाक्य — "म्हणजे आमचा दवाखाना गेला."

खरंच लक्षात आलं नव्हतं. ती लोकांचे दात साफ करते तो शहराच्या गरीब साउथ साइडचा दवाखाना ज्या निधीवर चालतो, तो निधी आमच्या तक्त्यातल्या पहिल्या दहा शहरांनाच मिळतो.

"तफावत कमी झाली म्हणून लोकांचे किडलेले दात बरे झाले का गं?" ती म्हणाली. "एकदा येऊन बाकावर बस. बघ कोण कोण येतं ते."

तक्त्यात चूक सापडावी असं आता मला वाटू लागलंय. हे बरं नाही. चूक शोधणाऱ्याला चूक नको असायला हवी.

१२ जानेवारी, गुरुवार

सापडलं.

त्याच घरांना आम्ही दर दोन वर्षांनी प्रश्न विचारतो. गेल्या खेपेच्या यादीतली वरची पाच घरं आता मिलवॉकीत नाहीत. पत्ता सारासोटा, फ्लोरिडा. तिथे राज्याचा आयकर नाही, म्हणून इथले पैसेवाले अर्धं वर्ष आणि वर एक दिवस तिकडे काढतात. वहीत दिवस लिहून ठेवतात. राहिलेलं अर्धं वर्ष इथेच, तळ्याकाठच्या त्याच घरात. आणि पाहणीतलं एक घर आपल्यासारख्या चाळीस घरांच्या वतीने बोलतं. पाच घरं गेली की आमच्या हिशेबात दोनशे गेली.

साउथ साइडला कुणाच्या पदरात एक डॉलर जास्त पडलेला नाही. श्रीमंत फक्त तक्त्याबाहेर जाऊन बसले. सारासोटा आठ नंबर वर चढलंय.

पाचांतलं एक घर — विधवा, वय चौऱ्याऐंशी, पैसा चामड्याच्या धंद्यातला. नावं आम्हाला दिसत नाहीत. ओळखायचा प्रयत्नही करायचा नाही असं लिहून दिलंय आम्ही.

मी ओळखलं. मिसेस लिंडमन.

माझे बाबा लिंडमनांच्या कारखान्यात कातडी कमवायचे. कामगारांच्या चार मुलींची कॉलेजची फी मिसेस लिंडमन दरवर्षी भरत. एका वर्षी त्या चौघींत मी होते. पुढे कारखाना बंद पडला, तरी फी बंद झाली नाही. मी या टेबलाशी बसले आहे ती त्यांच्यामुळे.

१३ जानेवारी, शुक्रवार

चर्चच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी माशांचं जेवण असतं, तिथे गेले. मिसेस लिंडमन कोपऱ्यात, तोच राखाडी कोट. गेले दोन शुक्रवार दिसल्या नव्हत्या. (सारासोटा!) मी समोर बसले.

"प्रवासाला गेला होतात?"

"या वयात? बिछान्यापासून खिडकीपर्यंत," त्या हसल्या, हात तोंडाशी धरून. "तू वाळलीस. तो आकड्यांचा कारखाना तुला जेवायला सोडतो की नाही?"

"सोडतो."

"मग खा. तुझ्या वडिलांसारखी ताटाकडे बघत बसू नकोस."

मासा तसाच ठेवून बटाट्याचे घावनच खाल्ले त्यांनी. राय धान्याच्या पावाची कडक कड काढून बाजूला ठेवली. श्रीमंतांचे लाड, असं माझ्या मनात आलं. असं त्यांच्याबद्दल आजवर कधी आलं नव्हतं.

१७ जानेवारी, मंगळवार

कर्टिसला सगळं सांगितलं. पाच घरं, हलीनाचा दवाखाना, आणि हेही की एक घर मी ओळखलं.

"कोण ते मला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"महापौरांच्या ऑफिसने केक सांगितलाय, रेना. त्यावर सतरा लिहून येणार आहे."

मी म्हटलं, आपल्या पाहणीत अडतिसावा प्रश्न आहे — दोन घरं असतील तर त्यांतल्या कुठल्याला तुम्ही 'माझं घर' म्हणता? तो आजवर कुणी वापरलेला नाही. पत्त्याऐवजी त्या उत्तरावर मोजू. फक्त मिलवॉकीचं नाही, पन्नासही शहरांचं. जे निघेल ते निघेल.

त्याने पेन्सिल उचलली. "मोजू. पण तू नाही. तुझी बहीण तिथे आहे. मी मोजतो, तू कॉफी कर."

रागावेल असं वाटलं होतं. एवढ्या सरळ माणसाच्या हाताखाली काम करायला मिळतं, हे मी वर्षातून किती वेळा लिहून ठेवते? पुरेसं नाही.

२१ जानेवारी, शनिवार

कर्टिस सकाळपासून मोजतोय. मी सहा वेळा कॉफी केली. "हलीनासाठी प्रार्थना करतेयस का?" त्याने विचारलं. म्हटलं, करत नाहीये, आणि ते फार अवघड जातंय.

संध्याकाळी चार वाजता: मिलवॉकी दहावं. अकराव्यापासून केसभर अंतर. पाचांतल्या चौघांनी 'माझं घर' म्हणून मिलवॉकी लिहिलंय.

पाचवं कोण, ते बघायचं नव्हतं. बघितलं. चौऱ्याऐंशीची विधवा. 'माझं घर' — सारासोटा.

२७ जानेवारी, शुक्रवार

मासे खायला गेले नाही.

इतकी वर्षं आमच्यात बसून जेवल्या, आणि घर म्हणून नाव घेतलं ते वाळूतल्या कुठल्याशा बंगल्याचं. मला एवढं का लागावं? फी भरताना त्यांनी माझ्याकडून काय लिहून घेतलं होतं? काहीच नाही. आभाराचं पत्र पाठवलं तर उत्तर आलं होतं, 'पत्रं लिहू नकोस, अभ्यास कर.'

घर कशाला म्हणायचं हे त्यांचं त्या बघतील. मला शिकवलं, ते तर कुठल्याच तक्त्यात खालीवर होत नाही. पुढच्या शुक्रवारी जायचं, समोर बसायचं, आणि पत्रात राहिलेलं तोंडाने सांगायचं.

१ फेब्रुवारी, बुधवार

अहवाल बाहेर पडला. दोन्ही तक्ते शेजारी शेजारी, फरक का पडला तेही सोप्या भाषेत. निधीवाल्यांनी दुपारीच कळवलं, ते दुसरा तक्ता धरणार. दवाखाना राहिला.

महापौर आले नाहीत. केक आला. सतरातला सात कुणीतरी सुरीने खरवडून शून्य केला होता. कर्टिसने मला तो शून्याचा तुकडा दिला.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

उरलेला केक घेऊन हलीनाच्या दवाखान्यात गेले. ज्यांची मिळकत जवळजवळ नाही, त्यांनाच तिथे तपासतात. बाकावर शेवटून दुसऱ्या, राखाडी कोटात, मिसेस लिंडमन. हातात चौदा नंबरची चिठ्ठी.

म्हणजे मी ओळखलेलं ते घर दुसऱ्याच कुणाचं. त्यांनी कोट आवरून शेजारी जागा केली.

"बस. तळ्याकाठचं घर विकून अकरा वर्षं झाली, तुला कुणी सांगितलं नाही? शेवटच्या चौघी येत्या मेमध्ये पास होतायत. नेमकं पुरलं बघ. पैसे आणि दात एकदमच संपले."

चौदा पुकारेपर्यंत त्यांचा हात धरून बसले.