बाकडं लाकडाचं की लाकडासारखं?

प्रिय शकू,

बाकडं मोडलं! आपल्या दारापुढचं, तुझ्या माहेरचं. तू गेल्यापासून शेजारच्या लक्ष्मीअक्का उंबऱ्याशी उभ्या राहूनच 'जेवलात का मास्तर' विचारून जायच्या. परवा पहिल्यांदाच 'दोन मिनिटं टेकते' म्हणाल्या, टेकल्या, आणि बाकड्याचा मागचा पाय भसकन खाली बसला. लागलं नाही त्यांना, घाबरू नकोस. पण बाई अंगणात फतकल मारून आधी पोट धरून हसल्या आणि त्याच हसण्यातून रडायला लागल्या. मी आपला दारात उभा, हातात कपबशी. रडणाऱ्या बाईला काय म्हणायचं असतं हे मला या वयातही कळत नाही. ते खातं तुझं होतं.

म्हणून हे पत्र. आता नवीन बाकडं घ्यायचंय, आणि घरातली मोठी खरेदी तुला सोडून मी कधी केलेली नाही. फ्रीज असो, मिक्सर असो, मी दुकानात मान डोलवायचो आणि तू घ्यायचीस. आता कुणाकडे बघून मान डोलवू?

आपल्या मंजूनं पुण्याहून फोनवर दोन फोटो पाठवलेत. एक बाकडं सागवानाचं, एक कंपोझिटचं. कंपोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून काढलेल्या फळ्या. दिसायला हुबेहूब लाकूड. खाली लेकीनं लिहिलंय, 'बाबा, कुठलं आवडलं?' आणि त्याच्याखाली आणखी एक ओळ, 'पण तुम्ही बाहेर बसणार आहात का? नाहीतर घेऊन उपयोग काय?'

पोरगी तुझ्यावर गेली आहे. दुखतं तिथंच नेमकं बोट ठेवते.

खरं सांगू? नाही बसलो मी बाहेर. श्रावणात तू गेलीस, मग दिवाळी झाली, संक्रांत झाली, आता चैत्र लागला. सकाळी दार उघडतो, दूध घेतो, दार लावतो. आपल्या सोलापूरचं ऊन तुला काय सांगायचं! दुपारी फरशी भाजते आणि अंगण संध्याकाळपर्यंत धगधगतं. तिथं पाण्याचा थेंब पडलेला नाही, तर येऊन बसणार कोण?

बाकडं आलं तो दिवस आठवतो का गं? तुझ्या भावानं, दत्तूनं मंगळवेढ्याहून टेम्पोत घालून आणलं होतं. बांधावरची बाभूळ वाऱ्यानं पडली, तिचं केलेलं. ओबडधोबड, मध्येच ही एवढी गाठ. मी म्हणालो, 'ही कसली भाऊबीज?' झालं! पुढचे कितीतरी दिवस तू ताट वाढून निमूट निघून जायचीस. भाजीत मीठसुद्धा रागानं घातल्यासारखं लागायचं.

आणि मग सुरू झाला तुझा तो उद्योग. नळ चार-पाच दिवसांनी येणारं आपलं गाव, पण तुझी मोरीतली बादली कधी रिकामी नसायची. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, कपड्यांचं शेवटचं पाणी, सगळं तिच्यात. ऊन कललं की तू पदर खोचून अंगणात. आधी सगळ्या अंगणावर पाणी मारायचीस आणि मग उरलेलं बाकड्यावर!

मी ओरडायचो. ओरडणारच! जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं मी. 'अगं, लाकूड कुजतं! पायातून पाणी वर चढतं, बुरशी धरते, आतून पोकळ होतं!' तू मागं वळून न बघता म्हणायचीस, "मंगळवेढ्याची बाभूळ हाय ती. जन्मभर पाण्याची वाट बघितलीया तिनं. आता पिऊ द्या की जरा, मास्तर!"

तहानलेलं बाकडं विज्ञानात नसतं. निदान माझ्या पुस्तकात तरी नव्हतं.

पाणी मुरलं, मातीचा वास सुटला की तू फाटकाकडच्या टोकाला बसायचीस. तिथून रस्ता दिसायचा ना! मग येईल-जाईल त्याला हाक. "या की. कुटं चाललाय एवढं घाईनं? बसा की, जागा हाय." जागा कसली असायची? तिघांच्या बाकड्यावर पाचजण. भाजलेल्या शेंगांची टरफलं अंगणभर. मी दारातल्या खुर्चीवर पेपर धरून बसायचो आणि आतून सगळं ऐकायचो. अक्कांच्या सुनेचं बाळंतपण, दत्तूच्या ज्वारीवरची कीड, कुणाचं कुणाशी फाटलं ते. पेपरातलं एक अक्षर वाचलेलं आठवत नाही.

असो. काल अक्कांना घेऊन होटगी रोडवरच्या एका दुकानात गेलो. घेऊन कसला, अक्काच आधी रिक्षात जाऊन बसल्या होत्या. "तुमाला कोण बी गुंडाळंल मास्तर," म्हणाल्या.

सागवानाच्या बाकड्यावर हात फिरवला आणि माझं मन तिथंच बसलं. काय तो रंग, काय ते रेषांचं वळण! वास घेऊन बघितला. अक्कांनीही घेतला. दुकानदार पोरसवदा, पण बोलायला गोड. "सर, राजा माल आहे. वर्षातून एकदा तेल द्या, घासून घ्या, परत नवं होतं. फक्त पायाशी पाणी राहू देऊ नका. अंगणात रोज पाणी मारता का?"

मी म्हणालो, "आता नाही."

"मग डोळे झाकून घ्या सर. कोरडं राहिलं की याला काही होत नाही. तुमच्या नातवंडांपर्यंत जाईल."

शकू, हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं मी दुसरं काय सांगत होतो? आता लाकूड कुजणार नाही. कारण ते ओलं करणारं कोणी उरलं नाही. जिंकलो की मी! आणि भर दुकानात मी रुमाल काढून तोंड पुसायला लागलो. अक्कांनी स्टूल पुढं ओढलं आणि मला बसवलं. दुकानदाराला वाटलं, उन्हाचा त्रास झाला. त्यानं बिचाऱ्यानं पंखा माझ्याकडं वळवला.

मग तो कंपोझिटचं सांगायला लागला. वाळवी नाही, तेल नाही, पॉलिश नाही, पाण्यात उभं केलं तरी फुगत नाही. "काही म्हणजे काहीच करावं लागत नाही सर!" अक्कांनी बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं, नखानं ओरखडून बघितलं. "हे घासलं तर ओरखडा जातो का?" "नाही जात." "मग जुनं हुईल तसं दिसणार कसं?" "असंच दिसेल." अक्का माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सगळ्या फळ्या एकासारख्या एक. ह्याला जीव न्हाय की हो मास्तर."

मलाही पटलं. तरी दोन्हींचे हातभर तुकडे नमुन्याला मागून घेतले. सवय जात नाही. प्रयोग केल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही.

आज भर दुपारी दोन्ही तुकडे अंगणात, मोडक्या बाकड्याशेजारी उन्हात ठेवले. तू बादली उचलायचीस त्या वेळेला बाहेर गेलो. सागवानावर हात ठेवला. गरम होतं, पण सोसवत होतं. कंपोझिटवर ठेवला आणि चटका बसून हात मागं घेतला. तवा! अक्का भिंतीपलीकडून बघतच होत्या. "भाकरी टाका की त्याच्यावर!" म्हणाल्या. आणि लगेच, "पाणी मारल्याबिगर कोण बसणार ह्याच्यावर?"

आणि तिथंच माझं ठरलं.

हसू नकोस, नीट ऐक. सागवान चांगलंच आहे. पण ते मी घरात कुढत बसलो तरी बाहेर आपलं आपण कोरडं, नीटनेटकं उभं राहील. त्याला माझी रोज गरज नाही. हे दुसरं मात्र, दुकानदार काहीही म्हणो, आपल्या उन्हात रोज संध्याकाळी कुणाला तरी उठायला लावणार. बादली भरा, दार उघडा, बाहेर या! आणि कितीही पाणी मारलं तरी ते कुजणार नाही.

म्हणजे बघ, तू पाहिजे तेवढं पाणी ओतावंस आणि मी एक शब्द बोलू नये, असं बाकडं आता बाजारात मिळतंय. थोडी थांबली असतीस तर काय बिघडलं असतं गं तुझं?

मंजूला फोन केला तर म्हणाली, "बाबा, तुम्ही आणि प्लास्टिक?" मी तिला तापमान, उष्णता, सगळं समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाठवते उद्याच." नाक ओढल्याचा आवाज आला. मी सर्दी झाली का विचारलं. मी हा असा!

*

पत्र अर्धवट राहिलं होतं. मध्ये काही दिवस गेले. आता पुढचं लिहितो.

बाकडं आलं. जुन्या बाभळीच्या फळ्या अक्कांनी बंबासाठी मागितल्या. माझा जीव वरखाली झाला. पण तू असतीस तर मागायच्या आधीच दिल्या असत्यास, म्हणून दिल्या. गाठ असलेली फळी काही त्यांच्याच्यानं फुटेना. शेवटी मी कुऱ्हाड घेऊन गेलो. रागावू नकोस. त्या दिवशी अक्कांकडच्या पाहुण्यांना आंघोळीला कडकडीत पाणी मिळालं.

संध्याकाळी बादली घेऊन बाहेर आलो आणि सरळ ओतली. चिखल! बाकड्याचे पाय चिखलात, माझ्या चपला चिखलात. अक्का ओरडल्या, "शेत भिजवायलाव का काय मास्तर?" मग लक्षात आलं, तू तांब्यात पाणी घेऊन मनगट झटकायचीस. ते मनगट मी रोज बघितलं, पण बघून का ते हातात येतं? चार दिवस झाले, माझं पाणी अजून एका जागी पडतं आणि शेजारची जागा कोरडी राहते. पण माती तोच वास देते. मास्तरानं मारलं की बाईनं, तिला काही फरक पडत नाही.

काल पहिल्यांदा मंडळी जमली. अक्का, त्यांची सून आणि भाजीवाल्या हलिमाबी. तिघी अंग चोरून एका बाजूला बसल्या, फाटकाकडचं तुझं टोक सोडून. कोणी तसं ठरवलं नव्हतं. मी दारातल्या खुर्चीवर होतो आणि मला त्या सोडलेल्या टोकाखेरीज काही दिसत नव्हतं. मंजू म्हणत होती, तिथं पितळेची छोटी पट्टी लावूया, आईचं नाव घालून. मला कल्पना आवडली होती. पट्टी लावायची, ती रोज पुसायची आणि तिथं कुणाला बसू द्यायचं नाही. पण समोर ते दृश्य बघितलं आणि पट्टी डोक्यातून गेली. इतकी गर्दी जमवणारी बाई तू, आणि तुझ्यामुळे माणसं अवघडून बसलेली!

मी उठलो, बाहेर आलो आणि तिथं बसलो. ओलं होतं. पायजमा भिजला. अक्का पदराशी चाळा करत राहिल्या. मग हलिमाबी हळूच म्हणाल्या, "मास्टर, जरा उधर सरको ना. दब जारी मैं." सगळ्या खळाळून हसल्या. मी सरकलो. मग शेंगा निघाल्या, अक्कांच्या सुनेनं गावाकडचं काहीतरी सांगायला घेतलं आणि अंधार पडेपर्यंत कोणी उठलं नाही. तुझ्यावरही बोलणं झालं. मी रडलो थोडा. चालतं, अक्का म्हणाल्या.

शकू, तर आता वचन देतो. रोज संध्याकाळी पाणी मारीन, चिखल झाला तर झाला. पट्टी लावणार नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारीन. मला तुझ्यासारखी हाक येत नाही, लाज वाटते, पण मारीन. आणि कोणी आलं, तर तुझ्या जागेवरून उठून त्याला तिथंच बसवीन.

तुझा,
मास्तर