हॉपरचं अस्तर

हिंगोली, ३ फेब्रुवारी २०२४

चि. दिपकास, अनेक आशीर्वाद.

मोबाइलवर तुझं एका अक्षराचं उत्तर येतं, म्हणून पत्रच बरं. खडी क्रशरच्या हॉपरला, म्हणजे डंपर दगड ओततो त्या लोखंडी नरसाळ्याला, आतून कुठलं अस्तर लावायचं, त्याचं तू पाठवलेलं इंग्रजी माहितीपत्रक वाचलं. पोलादी पत्र्याला दोन महिन्यांत झिजून भोक पडतं म्हणतोस. सिरॅमिकच्या फरशा त्याच्या पाचपट टिकतात, असं छापलंय. फरशाच लाव. तुझा किसनसिंग म्हणतो, दगड वरून आदळतो तिथे रबर हवं, फरशी फक्त घसरणीला. त्याला म्हणावं, चौदा वर्षं पहार घेऊन हॉपरपाशी उभं राहिल्याने कुणी इंजिनिअर होत नाही.

वहिनी सांगते, तू दुपारी चारला जेवतोस. वेळेवर जेव, म्हणजे आत्याची माया अंगी लागेल.

शिलाआत्या


जवळा बाजार, १९ मार्च

ती. आत्यास सा. नमस्कार.

फरशा बसवून महिनाही झाला नाही. काल डंपर ओतताना मोठा दगड आदळला, फरशी फुटली आणि कपची किसनसिंगच्या डाव्या डोळ्यात गेली. नांदेडला नेलं. डोळा गेला.

अठ्ठावीसला चौकशीचे साहेब येणार. बाबा म्हणतात, त्याने चष्मा लावला नव्हता, असं लिहून द्यायचं. चष्मे आम्ही दिलेच नव्हते, हे तुला म्हणून सांगतो. तुझं लिहिणं पक्कं; मजकूर तूच करून दे. रागावू नकोस, एवढीच विनंती.

दिपक


हिंगोली, २५ मार्च

चि. दिपकास आशीर्वाद.

मजकूर करून देणार नाही. माहितीपत्रक पुन्हा काढलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे: माल उंचावरून आदळतो तिथे या फरशा वापरू नयेत. मी ते तेव्हाही वाचलं होतं. कंपन्या हात झटकायला असलं लिहितात, असं समजून सोडून दिलं.

मला रडू येत नाही. भाजी निवडते, वर्तमानपत्र वाचते.

काल किसनसिंगच्या घरी गेले. केशरबाईने, त्याच्या बायकोने, चहा दिला. मला तो पिववेना. मी वाचलं होतं, हे त्याला सांगितलं. त्याने डोळ्यावरच्या पट्टीला हात लावला. मग म्हणाला, "बाई, फरशा काढल्या का न्हाई? आता तिथं कोन उभं राहून राहिलं?"

मी बाहेर येऊन तुला फोन लावला.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र डंपरवाल्या इस्माईलच्या हाती पाठवते. साहेबांना काय ते मी येऊन सांगेन; दादाला आवडो न आवडो.

लोभ आहेच. आधी क्रशर थांबव.

शिलाआत्या