हाडे दुखण्याचे गणित

रामाकोना, ता. सौसर
९ सप्टेंबर २०२५

चि. पूजा हिस,
सप्रेम जयभीम व अ. आ. वि. वि.

येथे सर्व क्षेम आहे, असे लिहिण्याची रीत आहे. या खेपेस ती मोडतो. तुझा भाऊ विशाल गेल्यापासून तुझ्या आईने, पुष्पाने, पोटभर अन्न घेतलेले नाही. त्यास जन्मापासून सिकलसेल, रक्ताचेच दुखणे. हाडे दुखली की शेक, भरपूर पाणी व विश्रांती, हे या घरास पाठ होते. ऑगस्टात हाडे दुखली, अंगही तापले, तेव्हा पुष्पाने शेकच दिला. जुनेच दुखणे आहे, असे मीही म्हणालो. तो डेंग्यू निघाला. आता ती आपल्या हातांकडे पाहून म्हणते की, पोराले मीच शेकून शेकून मारलं.

तू नागपुरास संशोधनासाठी डेंग्यू व सिकलसेल यांचे एकत्र गणित मांडतेस. मी चौथी उत्तीर्ण आहे. पाढे तुझ्याहून बरे येतात. म्हणून स्पष्ट विचारतो: वेळेवर दवाखान्यात नेले असते, तर विशाल वाचला असता काय? उत्तर ‘नाही’ असेच यावे. फोनवर सांगू नये. कागदावर असले म्हणजे पुष्पा मानेल, नुसत्या सासऱ्याच्या शब्दावर नाही. घरी आलेले पत्र मी मोठ्याने वाचतो, हे तुला ठाऊकच आहे.

प्रकृतीस जपावे. लोभ आहे, तो तुझ्या उत्तराने वाढावा.

तुझा आजोबा,
श्रावण

नागपूर
१८ सप्टेंबर २०२५

ती. आजोबांस,
सविनय जयभीम.

पाढ्यांची पैज सुट्टीत लावू. तीसच्या पुढचे विचारीन.

डेंग्यूचा विषाणू किती वेगाने वाढतो आणि सिकलच्या लाल पेशी किती लवकर मरतात, हे मी एकत्र मांडते. इतरांजवळ पेशींची शिल्लक असते. आपल्या विशालजवळ ती नव्हतीच. गणित एवढंच म्हणतं, की असे हजार रुग्ण ताप येताच भरती झाले, तर बरेच जास्त वाचतात. त्या हजारांत विशाल कुठे असता, ते गणिताला ठाऊक नाही. मी पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं. ‘नाही’ लिहायला हात धजत नाही, आजोबा.

आईचा दोष नाही, हे मात्र खरं. दोन्ही दुखणी हाडांतच उठतात, शिकलेलेही फसतात. पण यापुढे सिकलवाल्या कुणालाही ताप आला, तर शेकत बसू नका, दवाखाना गाठा.

माझ्यावर रागवा, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
पूजा

रामाकोना
६ ऑक्टोबर २०२५

चि. पूजा हिस,
सप्रेम जयभीम व अ. आ. वि. वि.

तुझे पत्र पुष्पास वाचून दाखविले. तू ‘ठाऊक नाही’ लिहिले होतेस, तेथे मी ‘वाचला नसता’ असे वाचले. तिने ऐकून घेतले. मग, मामाजी, तुम्ही अडखळून काहून राहिले, असे विचारून पत्र माझ्या हातून घेतले व स्वतः वाचले.

पुढल्या आठवड्यात शेजारच्या गुणवंताची मुलगी हिमानी तापली. तीही सिकलची. हाडे दुखतात म्हणून गुणवंताने शेकायला वीट चुलीत घातली होती. पुष्पाने ती ओढून अंगणात टाकली, त्याला नाही नाही ते बोलली, आणि पोरीस ऑटोत घालून सौसरच्या दवाखान्यात नेले. डेंग्यूच होता. पुष्पा खाटेजवळून हलली नाही. हिमानी काल आपल्या पायांनी घरी आली.

तिला पोचवून पुष्पा घरात शिरली आणि विशाल गेल्यापासून प्रथमच मोठ्याने रडली. म्हणाली, मामाजी, आपला विशालही वाचला असता जी.

मी ‘नाही’ म्हणालो नाही. तिच्याजवळ बसून राहिलो.

लोभ होताच, आता तू येऊन जावे.

तुझा आजोबा,
श्रावण