मागे न बघण्याची अट

२ फेब्रुवारी, सोमवार

पऱ्यांचं दुकान आज बंद केलं! अकरा पुस्तिका लिहिल्या, आपल्याच खर्चाने छापल्या, पाठीवर पिशवी टाकून गावोगावच्या शाळांत विकल्या. आता एकाही परीला नवीन काम सुचत नाही. म्हणून ग्रीक पुराणकथा, माझ्या भाषेत. कॉलेज अर्ध्यावर टाकलेली मी — आणि ग्रीक! वाचनालयातून दोन जाडे ग्रंथ आणले. चाळले आणि मिटून ठेवले. तिथे बाप आपलीच पोरं गिळतो. मेलेलं माणूस मेलेलंच राहतं. माझ्या पऱ्यांकडे निदान कांडी होती.

समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी झटकत होतं. ते बघण्यात तास गेला. भीती वाटली म्हणजे माझं हे असंच होतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली कथा उतरली. एका वादकाची बायको साप चावून मरते. तो थेट पाताळात उतरतो आणि असं वाजवतो, असं वाजवतो, की तिथला राजा तिला सोडायला तयार होतो. अट एकच — घरी पोचेपर्यंत मागे बघायचं नाही. ती मागून येईल. अगदी दाराशी आल्यावर त्याला राहवत नाही. तो बघतो. ती गेली! कायमची.

लिहून झालं आणि पान उलटं करून ठेवलं. कारण पानं जाणार बाइंडरदादाकडे. त्याची मुलगी भिंगरी, सात वर्षांची, घड्या घालता घालता सगळ्यांच्या आधी माझी गोष्ट वाचते. अकराच्या अकरा तिनेच पहिल्या वाचल्यात. आणि तिची आई जाऊन चार महिने झालेत.

हे पान तिच्या हातात कसं देऊ?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवट बदलला. तो मागे बघत नाही. ती येते. दोघं घरी जातात. दहा मिनिटांत काम झालं — हात पऱ्यांचाच आहे अजून. हायसं वाटलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

छापलेली पानं बाइंडरदादाकडे टाकून आले. जिन्याखालची खोली, खळीचा वास, बसायला कागदांचे गठ्ठे. गोष्टीतली लांबलचक नावं वाचून तो म्हणाला, लेखिकाबाई, ही माणसं एकमेकांना जेवायला हाका मारेपर्यंत अन्न गार होत असेल. मी हसले. भिंगरी हसली नाही. उभ्या उभ्या तिने गोष्ट दोनदा वाचली. मग विचारलं, त्याला किती दिवस चालावं लागलं? मी कटिंग मशीनचं पातं खाली येताना बघत होते. म्हटलं, असतील बरेच दिवस.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बाइंडरदादा शिलाई करता करता सहज बोलला. पोरगी हल्ली मागून हाक मारली तरी वळत नाही. शाळेतल्या बाईंनी कान दाखवून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. डॉक्टर म्हणाला, कान ठणठणीत आहेत. "आईवर गेलीय," तो म्हणाला, "मनात आलं की आलं."

मला लगेच कळलं. चप्पल घातली आणि निघाले. भित्री! भित्री!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी तिच्या शाळेच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले. ती एकटीच जाते. वाटेत गोदाम आहे, तिथून ट्रक मागे मागे घेत रस्त्यावर येतात. एक येत होता. हॉर्न वाजवत होता. तिने मान आखडून घेतली, दप्तराचे पट्टे घट्ट धरले आणि चालत राहिली. ब्रेक. ट्रक आणि दप्तर यांच्यात वीतभर अंतर. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला. तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

मी पलीकडच्या फुटपाथवर. पायच उचलेना.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बाइंडरदादाला सगळं सांगितलं. खरा शेवट, मी केलेला शेवट, ट्रक. वाटलं, हाकलून देईल. त्याने सुई कागदात टोचून ठेवली आणि खळीच्या डब्याचं झाकण लावलं.

म्हटलं, दादा, तिला खरं सांगायला हवं.

"मग तू सांग," तो म्हणाला. "मी एकदा सांगितलंय. चार महिन्यांपूर्वी, ह्याच खोलीत. दुसऱ्यांदा माझ्याने होणार नाही."

सोमवारपासून तिला शाळेत पोचवायला जातोस ना, विचारलं. म्हणाला, शुक्रवारपर्यंत सकाळची पाळी आहे छापखान्यात, सुटत नाही. मी म्हटलं, मग मी जाते. वाटेत सांगते.

१५ फेब्रुवारी, रविवार

आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. "भिंगरी, तो मागे बघतो." पुढचं वाक्य येतच नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

नाही सांगितलं. तिच्याजवळ गेलेच नाही. दहा पावलं मागून चालले. गोदामापाशी हात आडवा धरून ट्रक थांबवला. ड्रायव्हरने शिवी दिली, घेतली. ती शाळेच्या फाटकात शिरली तेव्हा परत फिरले. उद्या नक्की.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आजही नाही. पण आज ती खुशीत होती, काहीतरी गुणगुणत होती. विसरत असेल का? लहान मुलं विसरतात. विसरू दे!

१८ फेब्रुवारी, बुधवार

गोदामाच्या अलीकडे ती थांबली. मीही थांबले. वळली नाही. समोर बघत, अगदी हळू म्हणाली, "आई, दमलीस का? सावकाश ये. मी थांबते."

रस्त्यावर तिच्या मागे फक्त मी होते.