शेजाऱ्यांची पापं

ताई,

इथली माणसं पापांची कबुली द्यायला येतात आणि शेजाऱ्यांची पापं सांगून जातात. "माझं काय असणार, फादर? पण आमच्या जाऊबाई..." जाळीआड बसून माझे कान किटलेत! परवा मी स्वतःच कबुली द्यायला पलीकडच्या गावच्या म्हाताऱ्या फादरांकडे गेलो आणि या लोकांच्या तक्रारींचा पाढा वाचला. ते शांतपणे म्हणाले, "हे गावाचं झालं. आता तुझं सांग."

प्रार्थना करताना पलीकडे कुणी ऐकतंय असं हल्ली मला वाटतच नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

हे पत्रही पाठवणार नाही. तू ते आईला वाचून दाखवशील, आणि ती अजून चारचौघांत सांगते, "माझ्या लेकाचं देव ऐकतो."

तुझा धाकटा,
गावाचा फादर