अकरा कवळ्यांसह आवारात अडकलेल्या गाडीबाबत

प्रति,
मा. वाहन नोंदणी अधिकारी,
वाहन नोंदणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : परराज्यातून आणलेल्या गाडीस नवीन नंबर मिळणेबाबत.
संदर्भ : खिडकी क्र. ३ वरील तोंडी उत्तर, "उद्या या."

महोदय,

१. अर्जदार ही दातांच्या कवळ्या बनवण्याचे काम करते. नवऱ्याची बदली झाल्याने ती गेल्या महिन्यात या राज्यात राहावयास आली. गाडी घेऊन कार्यालयात येताच खिडकी क्र. ३ ने जुन्या नंबरच्या पाट्या जमा करून घेतल्या व नवीन नंबरसाठी धूर तपासणीचा दाखला मागितला.

२. आवारातीलच तपासणी केंद्राने, बिननंबरी गाडीचे इंजिन चालू करता येत नाही, असे सांगितले. अर्जदार काकुळतीला आल्यावर तपासनिसांनी बंद गाडीच्याच नळीत यंत्र घातले. दाखल्यावर छापून आले : "धूर आढळला नाही. वाहन आढळले नाही." तो पाहून खिडकीवरील बाई म्हणाल्या, "अहो, गाडीच नाही, तर नंबर कशाला लावू?"

३. गाडीच्या डिकीत वृद्धाश्रमातील अकरा जणांच्या तयार कवळ्या आहेत. फाटकावरील पहारेकरी म्हणतो, "नसलेल्या गाडीतलं सामान बाहेर कसं सोडू?" तीन आठवडे ती मंडळी पातळ खाऊन आहेत. त्यांपैकी एक निवृत्त मुख्याध्यापक अर्जदारास रोज फोन करतात. दातांअभावी शब्द कळत नाहीत, परंतु ते रागावले आहेत, हे नक्की.

४. परवा सायंकाळी आपली सरकारी गाडी सुरू होईना आणि आपणांस मुलीचे शाळेतील नाटक गाठायचे होते. आपल्या तोंडी हुकुमावरून अर्जदाराने इंजिन चालू केले. पहारेकरी डिकीवर नजर ठेवण्यासाठी मागे बसला. वाटेत आपण म्हणालात, "बाई, गाडी कशी अलगद चालते हो! धूर नाही, खडखड नाही." पडदा उघडण्याआधी आपण पोहोचलात. त्यानंतर आपल्याच हुकुमावरून गाडी पुन्हा आवारात आणून लावली.

तरी परवा आपण कशात बसून गेलात, एवढेच सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे. उरलेले खिडकी क्र. ३ शी अर्जदार बोलून घेईल.

आपल्या सहीकडे डोळे लावून बसलेली,
नम्र अर्जदार
(सही)
दिनांक : चौथ्या आठवड्याचा गुरुवार

सोबत :
१. जुन्या राज्याचा ना हरकत दाखला.
२. वाहन आढळले नसल्याचा दाखला.
३. आपला चष्मा. (जोडता आला नाही. पुढच्या सीटवर राहिला आहे, पहारेकरी बाहेर नेऊ देत नाही.)